काळवंडलेली संरक्षक भिंत रंगाने सुधारत नाही

पणजीच्या आल्तिनोच्या उतारावर, खाली मळा-फोंतेन्हासच्या बाजूला, किंवा डिचोली-पेडण्यात टेकडीच्या कुशीत बांधलेल्या घरांच्या मागे एक संरक्षक भिंत हमखास असते. घर देखणं, अंगण झाडलेलं, तुळशीवृंदावन नवंकोरं, आणि मागे ही काळी पडलेली, पोपडे सुटलेली, मधूनच पांढरे डाग आलेली भिंत. चतुर्थी जवळ आली की तिची लाज वाटू लागते. मग ऐन पावसाळ्यात घाईघाईने गिलावा मारला जातो, वर ‘वॉटरप्रूफ’ रंगाचे दोन हात दिले जातात, आणि पुढच्या चतुर्थीला भिंत होती तशीच, किंवा त्याहून वाईट दिसते. दोष रंगाच्या कंपनीला नाहीतर गवंड्याला दिला जातो. पण या खर्चामागचा मूळ समजच चुकीचा आहे. संरक्षक भिंतीचं रूप बिघडतं ते तिच्या मागे साचलेल्या पाण्यामुळे. ते पाणी बाहेर काढल्याशिवाय पुढून केलेली कोणतीही रंगरंगोटी टिकत नाही, आणि काही वेळा ती भिंतीलाच धोक्यात घालते.

पणजीत वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. टेकडीच्या मातीत मुरलेलं हे पाणी उताराने खाली येतं आणि भिंतीपाशी अडतं. भिंत ‘माती अडवते’ असं आपण म्हणतो, पण आकडे पाहिले तर जास्त भार पाण्याचा असतो. दोन मीटर उंच भिंतीमागे कोरडी मुरमाड माती असेल, तर दर मीटर लांबीला साधारण सव्वा टनाचा रेटा येतो. त्याच मातीत वरपर्यंत पाणी भरलं तर एकट्या पाण्याचा रेटा दोन टन होतो आणि ओल्या मातीसह तो अडीच टनांच्या वर जातो. शिवाय पाण्याचा रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो. तीन मीटरच्या भिंतीवर तो साडेचार टन होतो. म्हणून अशा भिंतीत ठरावीक अंतरावर पाईपची भोकं ठेवतात. हीच भोकं अनेकांना कुरूप वाटतात. त्यांच्यातून लाल ओघळ येतात, मुंग्या येतात, साप शिरेल अशी भीती असते, म्हणून ती सिमेंटने बुजवली जातात. भिंतीची शोभा वाढवण्याच्या नावाखाली होणाऱ्या चुकांपैकी ही सगळ्यांत गंभीर चूक आहे. सापाची भीती असेल तर पाईपच्या तोंडाला जाळी बसवावी. लाल ओघळ येत असतील, तर मागून माती वाहून येते आहे असा त्याचा अर्थ आहे. तिथे भिंतीमागे खडीचा थर आणि गाळणकापड हवं. बूच हा त्यावरचा उपाय नाही.

दुसरा समज गिलाव्याचा. जाड सिमेंटचा गिलावा केला की चिऱ्याची भिंत मजबूत होते आणि ओल थांबते, असं सर्रास मानलं जातं. पण ओल येते मागून आणि गिलावा बसतो पुढून. चिऱ्यात, म्हणजे जांभा दगडात, असंख्य बारीक पोकळ्या असतात. तो पाणी पितो आणि ऊन पडलं की ते बाहेर सोडतो. पुढचं तोंड घट्ट सिमेंटने बंद केलं की ओल आतच अडकते, क्षार सोबत घेऊन गिलाव्यामागे जमते, आणि मग पांढरे डाग, फुगे, शेवटी पोपडे. वर प्लास्टिकसारखा ताणला जाणारा रंग असला तर हे आणखी लवकर होतं. दगडी टाइल्स चिकटवण्याची सध्याची हौसही याच जातीची आहे. तिच्यात एक धोका जास्त असतो, कारण टाइल्सच्या मागे भिंतीला पडलेली भेग किंवा आलेला फुगवटा दिसेनासा होतो.

इथे एक आक्षेप न्याय्य आहे. गिलावा वाईट असेल, तर जुन्या गोव्याच्या चर्चना आणि आपल्या देवळांना, घरांना तो का होता? उत्तर असं की तो चुन्याचा होता. चुना मऊ असतो, ओलीला वाट देतो, आणि झिजला की पुन्हा देता येतो. चिरा उघडा ठेवला की तो आपोआप सुंदर आणि टिकाऊ, हा समजही तितकाच चुकीचा आहे, आणि त्याचा मोठा पुरावा जुन्या गोव्यातच उभा आहे. १६०५ मध्ये अभिषेक झालेल्या बाँ जेझू बासिलिकेचा बाहेरचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुरचनाकार बाल्ताझार कास्त्रो यांच्या जीर्णोद्धारात काढून टाकला गेला. दगडाचा उघडा लाल रंग आज पर्यटकांना आवडतो, पण पावसाच्या माऱ्याने तिथला चिरा झिजतो आहे आणि गिलावा परत द्यावा की नाही हा वाद अजून चालू आहे. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो, हे खरं. पण सगळा चिरा सारखा नसतो. सड्याच्या वरच्या थरातला गडद, जड चिरा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, तर खालचा पिवळसर, मातकट चिरा काही पावसाळ्यांत खचतो. डिचोली तालुक्यातल्या हरवळ्याची लेणी जांभ्यातच कोरलेली आहेत आणि शतकानुशतकं उभी आहेत. म्हणून भिंत चांगल्या चिऱ्याची असेल तर ती उघडी ठेवावी आणि फक्त सांधे चुन्याने भरावेत. चिरा मऊ असेल तर चुन्याचा पातळ हात द्यावा. दोन्हीकडे ओलीला बाहेर यायची वाट राहते, आणि खरा मुद्दा तोच आहे.

काळेपणाबद्दल मात्र फार काळजी करण्याचं कारण नाही. तो बुरशीचा रोग नव्हे. बहुतेक ठिकाणी ते शेवाळ आणि नीलहरित जिवाणूंचे थर असतात, जे पावसात हिरवे होतात आणि उन्हाळ्यात वाळून काळे दिसतात. त्यांच्यामुळे भिंत पडत नाही. ती खराब होते त्यांना घालवायच्या उपायांनी. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने चिऱ्याचा वरचा कठीण झालेला थर निघून जातो आणि ॲसिडने सांध्यांतला चुना विरघळतो. नारळाच्या काथ्याचा ब्रश आणि साधं पाणी पुरे. आणि माझ्या मते थोडा काळसरपणा राहू द्यावा. गोव्यातली जुनी भिंत तशीच दिसते आणि तशीच शोभते.

झाडांबद्दलचे समज दोन्ही टोकांचे आहेत. कुणाला वाटतं की मुळं भिंत फोडतात म्हणून एकही रोप नको, तर कुणाला वाटतं की वेली भिंत धरून ठेवतात. वस्तुस्थिती रोपागणिक बदलते. पक्ष्यांच्या विष्ठेतून रुजणारे पिंपळ, वड, उंबर यांची मुळं सांध्यात शिरून चिरे हलवतात. ही रोपं बोटभर असतानाच मुळासकट काढावीत, कारण नुसती छाटली तर पुन्हा जोमाने फुटतात. याउलट पावसात चिऱ्याच्या भेगांत आपोआप येणारा तेरडा, हंसराज आणि इतर नेचे यांची मुळं वरवरची असतात. आपल्या सड्यांवरच्या वनस्पती जांभ्याच्या पातळ मातीला सरावलेल्या आहेत, त्यामुळे त्यांना खत-पाण्याची फारशी गरज नसते. ऑगस्टमध्ये तेरड्याने गुलाबी झालेली चिऱ्याची भिंत कोणत्याही रंगाच्या डब्याहून देखणी दिसते, हे पेडण्यातल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. भिंतीच्या वरच्या उतारावर वाळा लावावा. त्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खोल जातात आणि माती धरतात. पण वाळा भिंतीची जागा घेत नाही, हेही लक्षात असावं. घाणेरी आणि पिवळ्या फुलांचं वेडेलिया झटपट झाकतात म्हणून लावले जातात. दोन्ही परदेशी, आक्रमक आहेत आणि शेजारचा डोंगर गिळतात. ती लावू नयेत.

काँक्रीटची करडी भिंत असेल तर प्रश्न थोडा सोपा होतो. पाणी नीट निघत असेल तर तिच्यावर चिकटणारी फायकस प्युमिलाची वेल चालते. मातीच्या सांध्यांच्या जुन्या चिरेबंदीवर मात्र ती चढवू नये. भिंतीच्या कडेवरून खाली झुकणारी झुडपं लावणं हा दोन्हींसाठी सुरक्षित मार्ग आहे. पुढे फुलझाडांचा वाफा करायचा तर तो पायापासून दूर आणि जमिनीच्या वर करावा. अनेकजण थेट भिंतीच्या पायथ्याशी खणतात, आणि तीच माती भिंतीला पुढे सरकण्यापासून अडवत असते. नवं बांधकाम करणाऱ्यांना एक उंच भिंत टाळता येते. दोन मीटरच्या एका भिंतीऐवजी एक-एक मीटरच्या दोन पायऱ्या केल्या, वरची पुरेशी मागे घेतली, तर पाण्याचा रेटा दोन टनांऐवजी प्रत्येकी अर्धा टन होतो, आणि मध्ये अबोली-मोगऱ्याला जागा मिळते. डोंगर कापायचा असेल तर गोव्याच्या नगर नियोजन कायद्याच्या १७-अ कलमाखाली परवानगी लागते, हे विसरू नये.

निचऱ्याचं काम महाग, रंग स्वस्त, असा आक्षेप राहतो. एका वर्षाचा हिशेब केला तर तो खराही आहे. पण दरवर्षीचा रंग आणि दर काही वर्षांनी गिलावा मोजला तर हिशेब उलटतो. शिवाय बुजलेले पाईप मोकळे करणं आणि भिंतीच्या वर पावसाचं पाणी बाजूला नेणारा चर खणणं ही एका गड्याची कामं आहेत आणि ती मे महिन्यातच व्हायला हवीत. भिंत पुढे झुकली असेल, पोटात फुगली असेल किंवा तिला आडवी भेग गेली असेल, तर रंगकाम थांबवून आधी स्थापत्य अभियंत्याला दाखवा. तसं काही नसेल तर या पावसात एकदा छत्री घेऊन भिंतीसमोर उभे राहा, पाणी कुठून येतंय आणि कुठे अडतंय ते नीट पाहा, आणि मगच रंगाच्या दुकानात जायचं की नाही ते ठरवा.