स्तंभालेख-वाचन : प्राथमिक अध्यापन
समान रुंदीच्या व समान अंतरांवर काढलेल्या स्तंभांच्या लांबीवरून संख्यात्मक माहितीची तुलना करून दाखविणाऱ्या आकृतीस स्तंभालेख म्हणतात. तो दिसावयास सोपा असला, तरी लहान मुलांना त्याचे वाचन आपोआप साधत नाही. वस्तू एकेक करून मोजणाऱ्या मुलास येथे अक्षावरील प्रमाणाच्या आधारे लांबीचे मापन करावे लागते. मोजणीकडून मापनाकडे होणारे हे संक्रमण हाच या अध्यापनाचा गाभा होय.

स्कॉटिश लेखक विल्यम प्लेफेअर (१७५९–१८२३) यांनी १७८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द कमर्शियल अँड पोलिटिकल ॲटलस या ग्रंथात स्कॉटलंडची १७ प्रदेशांशी १७८०-८१ या एका वर्षात झालेली आयात व निर्यात स्तंभांनी दाखविली. अनेक वर्षांची आकडेवारी हाती नसल्याने त्यांना कालानुसार बदल दाखविणारी रेषा काढता आली नाही. निरनिराळ्या गटांची तुलना हेच स्तंभालेखाचे मुख्य कार्य आजही आहे.

अध्यापनाचा प्रारंभ प्रत्यक्ष वस्तूंपासून करणे इष्ट ठरते. उदा., वर्गातील प्रत्येक मुलाने आपल्या आवडत्या फळाच्या नावापुढे एक रिकामी काडेपेटी रचावी. आंबा, पेरू, केळे, सीताफळ अशा चार राशी उभ्या राहिल्या, की कोणते फळ अधिक मुलांना आवडते हे न मोजताही दिसते. मात्र पेट्या एकाच आकाराच्या असाव्यात व सर्व राशींचा तळ एकाच पातळीवर असावा, हे मुलांच्या ध्यानी आणून द्यावे लागते. पुढे पेटीऐवजी चित्र, चित्राऐवजी चौकटीच्या कागदावरील रंगविलेला चौकोन व अखेरीस अखंड स्तंभ असा क्रम ठेवतात. एका चौकोनाने ५ वा १० मुले दाखविण्याचे प्रमाण यानंतरच आणावे. बालभारतीच्या २०१५ ते २०१८ या काळात आलेल्या गणिताच्या पुस्तकांत पाचवीला चित्रालेख, सहावीला स्तंभालेख, सातवीला जोडस्तंभालेख व आठवीला विभाजित आणि शतमान स्तंभालेख अशी चढती मांडणी होती.

आलेखाच्या आकलनाचे तीन स्तर अमेरिकन गणितशिक्षणतज्ञ फ्रान्सिस कर्सिओ यांनी १९८७ मध्ये मांडले. ‘पेरू किती मुलांना आवडतो?’ या प्रश्नाचे उत्तर आलेखातून थेट वाचता येते. ‘पेरूपेक्षा आंबा किती अधिक मुलांना आवडतो?’ यासाठी दोन स्तंभांचा संबंध जोडावा लागतो. ‘वर्गाच्या सहलीसाठी कोणती फळे किती आणावीत?’ हा तिसऱ्या स्तरावरील प्रश्न आलेखाच्या पलीकडे नेतो. केवळ पहिल्या प्रकारचे प्रश्न विचारल्यास मूल आकडे वाचते, परंतु अर्थ लावत नाही.

काही चुका वारंवार आढळतात. दोन खुणांच्या मध्ये संपणाऱ्या स्तंभाचे मूल्य मुले जवळच्या खुणेइतके धरतात. प्रत्येक खूण १ च मानतात. तसेच सर्वांत उंच स्तंभ म्हणजे सर्वांत चांगला असे समजतात. गैरहजेरीच्या आलेखात हा समज उघडच चुकीचा ठरतो. मुलांच्या उंचीच्या आलेखात एक स्तंभ म्हणजे एक मूल, तर फळांच्या आलेखात एक स्तंभ म्हणजे मुलांचा गट. हा भेदही स्पष्ट करावा लागतो. शीर्षक, दोन्ही अक्षांची नावे व प्रमाण आधी वाचून मगच स्तंभांकडे पाहण्याची सवय यावर उपयुक्त ठरते.

अक्षाचा प्रारंभ शून्यापासून आहे की नाही, हे पाहणे विशेष महत्त्वाचे आहे. दोन शाळांत अनुक्रमे ४८ व ५२ मुले असून अक्ष ४६ पासून सुरू केल्यास स्तंभांच्या उंची २ व ६ एकके होतात आणि दुसरी शाळा पहिलीच्या तिप्पट भासते. वस्तुतः फरक केवळ ४ मुलांचा असतो. असे दोन्ही आलेख मुलांकडूनच काढून घेतल्यास आकडे खरे असूनही आकृती दिशाभूल करू शकते, हे त्यांना स्वतः उमगते. वृत्तपत्रे, जाहिराती व निवडणूक-प्रचार यांतील आलेख पुढे ज्यांना वाचावयाचे आहेत, त्यांना ही पारख प्राथमिक शाळेतच मिळणे आवश्यक आहे.