कॉलममधली गायब तारीख कशी शोधायची? मोबाइलवर वजाबाकी, कॉम्प्युटरवर मॅक्रो

आमच्या घरी डेअरीला दूध जातं आणि दर दहा दिवसांनी बिल येतं. रोजच्या पावत्या बघून तारीख आणि लिटर गूगल शीट्समध्ये टाकायचं काम माझ्याकडे आहे. एकदा बिल कमी वाटलं म्हणून बाबांनी विचारलं, "सगळे दिवस धरलेत ना?" मी स्क्रीनवर बोट ठेवून एकेक तारीख बघत बसलो. मागच्या तीन महिन्यांची फाइल होती, तासभर गेला. शेवटी कळलं की १७ तारीख बिलातही नाही आणि माझ्या फाइलमध्येही नाही. पावती मात्र डब्यात होती! ती दाखवल्यावर पुढच्या बिलात पैसे मिळाले.

दुधाचा हिशोब असो, मेसचे खाडे असोत की इंटर्नशिपची हजेरी, गायब तारीख डोळ्यांनी शोधणं अवघड असतं. कारण जे लिहिलेलंच नाही ते दिसणार कुठून? म्हणून हे काम शीटकडूनच करून घेऊया.

शीटला तारीख कशी दिसते?

आपल्याला १ जानेवारी २०२४ दिसतं, पण शीट आतमध्ये ४५२९२ हा आकडा ठेवते. २ जानेवारी म्हणजे ४५२९३. रोज एक आकडा वाढतो. एक्सेल आणि गूगल शीट्स दोन्हीकडे हेच चालतं. म्हणजे खालच्या तारखेतून वरची तारीख वजा केली की उत्तर १ यायला हवं. २ आलं तर मधली एक तारीख गायब, ४ आलं तर तीन गायब. आणि ० आलं तर तीच तारीख दोनदा टाकली गेली आहे.

हा शून्य महत्त्वाचा आहे बरं का! ३१ दिवसांच्या महिन्यात ३१ ओळी आहेत म्हणून आपण निर्धास्त होतो. पण एक तारीख दोनदा आणि एक गायब असेल तरी ओळी ३१च भरतात. नुसत्या ओळी मोजून ही चूक सापडत नाही.

मोबाइलवर असं करा

समजा, ए कॉलममध्ये तारखा आहेत, बी मध्ये लिटर आहेत आणि पहिली ओळ शीर्षकाची आहे.

१. आधी तारखा चढत्या क्रमाने लावा. लिटरचा कॉलमही सोबत हलला पाहिजे, नाहीतर सगळा हिशोब विस्कटेल.
२. सी३ सेलमध्ये बरोबरचं चिन्ह टाका, ए३ वर टॅप करा, वजा चिन्ह टाका, ए२ वर टॅप करा आणि एंटर द्या.
३. उत्तराच्या जागी विचित्र तारीख दिसली तर घाबरू नका. त्या सेलचा फॉरमॅट नंबर करा.
४. सी३ कॉपी करून खाली शेवटच्या तारखेपर्यंत पेस्ट करा.
५. सी कॉलमला कंडिशनल फॉरमॅटिंग लावा: १ पेक्षा मोठा आकडा लाल, ० असेल तर पिवळा.

आता फक्त लाल-पिवळं बघायचं. १८ जुलैसमोर २ लाल दिसलं की समजायचं, १७ जुलै गायब आहे.

मग मॅक्रो कशाला?

दर महिन्याला हेच पाच टप्पे करायचा कंटाळा येतो. मॅक्रो म्हणजे आपण केलेल्या कृतींचं रेकॉर्डिंग. एकदा करून दाखवायचं, पुढच्या वेळी शीट स्वतः करते. मात्र गूगल शीट्सच्या मोबाइल ॲपमध्ये मॅक्रो रेकॉर्ड करता येत नाही. त्यासाठी कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये फाइल उघडावी लागते.

तिथे एक्स्टेन्शन्स, मग मॅक्रोज, मग रेकॉर्ड मॅक्रो निवडा. खाली ॲब्सोल्यूट रेफरन्सेस ठेवा, म्हणजे उघडलेल्या टॅबमध्ये त्याच सेलवर काम होईल. वरचे टप्पे ओळ ३२ पर्यंत करा, सेव्ह करा आणि नाव द्या. पुढच्या महिन्याच्या टॅबवर त्याच मेनूतून ते नाव निवडलं की काम झालं. पहिल्यांदा चालवताना परवानगी मागितली जाते. महिना ३१ दिवसांचा नसेल तर तारखांच्या खालच्या रिकाम्या ओळींसमोर जे काही येईल ते सोडून द्या.

गायब तारखांची थेट यादीच हवी असेल तर नुसतं रेकॉर्डिंग पुरत नाही, थोडा कोड लागतो. गूगल शीट्समध्ये तो ॲप्स स्क्रिप्टमध्ये लिहितात, एक्सेलमध्ये व्हीबीए मध्ये. दोन्हीकडे डोकं एकच:

- महिन्याची पहिली आणि शेवटची तारीख घ्या.
- पहिल्या तारखेपासून एकेक दिवस पुढे जा.
- तो दिवस ए कॉलममध्ये आहे का बघा.
- नसेल तर ई कॉलममध्ये लिहा.
- शेवटची तारीख झाली की थांबा.

हे टप्पे कोड येणाऱ्या मित्राला सांगा, किंवा एआय चॅटबॉटला. पण कोड चालवण्याआधी फाइलची कॉपी करून ठेवा. एक्सेलमध्ये मॅक्रोने केलेला बदल अनडू करून परत आणता येत नाही.

इथे फसू नका

वजाबाकीला दोन तारखांमधली फटच कळते. महिन्याची पहिली किंवा शेवटची तारीखच नसेल तर काही लाल होणार नाही. ती दोन टोकं डोळ्यांनी बघा.

दुसरं, तारीख सेलच्या डाव्या बाजूला चिकटलेली दिसली तर शीटने ती बहुधा मजकूर म्हणून धरली आहे. फाइलचं लोकॅल अमेरिकेचं असेल तर ०५/०६ म्हणजे ६ मे होतो आणि १३/०६ चा मजकूर होतो, कारण तेरावा महिना नसतोच. सेटिंगमध्ये लोकॅल इंडिया करा आणि बिघडलेल्या तारखा पुन्हा टाका.

शेवटचं म्हणजे, शीट फक्त कोणती तारीख गायब आहे ते सांगते. त्या दिवशी दूध खरंच गेलं होतं की नाही, हे पावतीच सांगणार. त्यामुळे मॅक्रो आला म्हणून पावत्यांचा डबा फेकू नका!