पेव फुटलंय हळदीचं!

शुक्रवारची पार्टी, सोमवारची डेडलाइन, रात्री अकरा वाजता मागवलेला पिझ्झा. आणि या सगळ्याचं प्रायश्चित्त म्हणून सकाळी हळदीची एक कॅप्सूल! डबीवर 'लिव्हर डिटॉक्स' असं लिहिलेलं. "हर्बलच आहे यार, साइड इफेक्ट काय होणार?" हे वाक्य कॅन्टीनमध्ये इतक्यांदा ऐकलं, की म्हटलं, हळद आणि तिचं सख्खं भावंड आलं, दोघं जिथं पिकतात तिथंच एकदा जाऊन येऊ. पुण्याहून हायवे धरला की आधी सातारा, मग सांगली. एक वीकेंड पुरतो.

पहिला स्टॉप : सातारा

खंबाटकी ओलांडून साताऱ्यात शिरलं, की आपल्याला आठवतात कंदी पेढे. पण कोरेगावच्या बाजूला वळा, आल्याचे गादीवाफे दिसतील. 'सातारी आलं' बाजारात नावानं ओळखलं जातं. उन्हाळ्याच्या शेवटी लावलं की पीक हाती यायला आठ-नऊ महिने लागतात. इथल्या घरांमध्ये पोट जड झालं तर उपाय एकच : आल्याचा तुकडा, चिमूटभर सैंधव, वर लिंबू पिळायचं. सर्दी झाली तर आलेपाक.

हे नुसतं आजीचं शास्त्र नाही बरं का! आल्यातला तिखटपणा जिंजेरॉलचा. आलं वाळून सुंठ झाली की त्यातल्या काही जिंजेरॉलचं शोगाओल बनतं, म्हणून सुंठ जास्त झणझणीत. मळमळीवर आल्याचा उपयोग होतो, याला चांगले पुरावे आहेत. जेवण पोटातून पुढं सरकायला त्यानं मदत होते, असंही काही चाचण्यांत दिसलंय. पण तुमची तक्रार पोट जड होण्याची आहे की छातीत जळजळण्याची, हे आधी ठरवा. जळजळ असेल, तर आलं ती वाढवूही शकतं. ऑफिसात आपण दोन्हीला 'ॲसिडिटी' म्हणून मोकळे होतो, तिथंच घोळ होतो.

दुसरा स्टॉप : सांगली

कराड मागं टाकून सांगलीत शिरलो. इथल्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात. सीझनमध्ये गेलात तर शर्टावरही पिवळी झाक घेऊन घरी याल. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय मानांकन मिळालं.

कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरची गोष्ट तर भन्नाटच. इथं हळद जमिनीखालच्या पेवांमध्ये साठवली जायची. वरून तोंड अरुंद, आत ऐसपैस खड्डा. हवा नाही, त्यामुळं कीडही नाही. 2005 च्या महापुरात पेवांमध्ये पाणी शिरलं आणि या पद्धतीला मोठा फटका बसला. 'पेव फुटणं' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. सध्या हळदीच्या बाबतीत पेव फुटलंय ते कॅप्सूलचं.

जरा हिशेब करू

हळदीतला गाजलेला घटक म्हणजे करक्युमिन. एक चमचा, म्हणजे साधारण 3 ग्रॅम हळदीत ते 3 टक्के धरलं, तर झालं 90 मिलिग्रॅम. आणि अख्ख्या घराच्या आमटीतही आपण एवढी हळद घालत नाही. डब्ल्यूएचओ आणि एफएओच्या संयुक्त समितीनं करक्युमिनची रोजची मर्यादा ठरवलीय ती वजनाच्या दर किलोला 3 मिलिग्रॅम. 60 किलोच्या माणसाला 180. आता 500 मिलिग्रॅमची, 95 टक्के अर्काची एकच कॅप्सूल घ्या. करक्युमिन : 475!

त्यात अनेक डब्यांमध्ये मिऱ्यातलं पिपरिन असतं. करक्युमिन एरवी रक्तात फारसं उतरत नाही. पिपरिन सोबत दिल्यावर त्याचं शोषण 2,000 टक्क्यांनी वाढलं, असं बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं. जाहिरातीत हा प्लस पॉइंट असतो. पण जे रक्तात जातं, त्याची विल्हेवाट लावायची कुणी? लिव्हरनंच ना!

अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2022 मध्ये हळदीच्या सप्लिमेंटशी जोडलेल्या लिव्हरच्या इजेच्या 10 केसेस मांडल्या. 5 जणांना ॲडमिट व्हावं लागलं, एक दगावला. दहापैकी 7 जणांत एक विशिष्ट जनुक सापडलं. त्याच वर्षी इटलीनं हळदीच्या सप्लिमेंटवर लिव्हरसाठी फायद्याचे दावे करायला बंदी घातली. मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये गुळवेल घेतलेल्या 6 पेशंटमधल्या लिव्हरच्या इजेची नोंद केली, तेव्हा आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला होता. अशा केसेस कमी आहेत, हे खरं. पण ते जनुक आपल्यात आहे की नाही, हे डबी विकत घेताना कुणाला माहीत असतं?

म्हणजे हळद वाईट? मुळीच नाही. फोडणीतली हळद आणि डबीतला अर्क, नाव एक असलं तरी मामला वेगळा. एक जेवण आहे, दुसरा डोस.

लक्षात ठेवा

- आमटी, भाजी, हळद-दूध, आल्याचा चहा : बिनधास्त.
- पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर हळद-आल्याची सप्लिमेंट डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.
- लघवी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज, भूक गायब? सप्लिमेंट लगेच बंद. डॉक्टरकडे जाताना डबी सोबत न्या. 'हर्बल आहे' म्हणून लपवू नका.
- रिपोर्टमध्ये फॅटी लिव्हर आलंय? वजन जास्त असेल, तर ते 7 ते 10 टक्के उतरवल्यानं लिव्हरला खरा फरक पडतो. सुरुवात रात्री अकराच्या पिझ्झापासून करा. आणि हो, दारूला सुट्टी!