लॉट बदललास का?

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी पिंपरीच्या संत तुकाराम नगरातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर निशाणाचा कागद पसरला होता. भाची .२२ रायफलचा सराव करून नुकतीच आली होती. कागदावर दहा छिद्रं होती. आडवी पाहिली तर सगळी बोटभर रुंदीत, उभी मात्र वर-खाली विखुरलेली. छिद्रांचा हा ग्रुप कुणी दोन्ही टोकांनी धरून ताणल्यासारखा दिसत होता. "माझा श्वासच चुकतोय," ती रडवेली होऊन म्हणाली. शेजारच्या काकांची सगळी नोकरी भोसरीच्या एका टूलरूममध्ये झालेली. ते घरून व्हर्नियर घेऊन आले, टोकाच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजलं, त्यातून एका छिद्राची रुंदी वजा केली आणि एवढंच विचारलं, "लॉट बदललास का गं?"

बदलला होता. काडतुसांचा ब्रँड तोच होता, खोक्यावरचा लॉट नंबर मात्र वेगळा.

५० मीटर रायफलच्या निशाणावर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. तिथून बाहेर दर ८ मिलिमीटरला एक गुण जातो. गोळी शिशाची, ५.६ मिलिमीटर जाड, वजन साधारण २.६ ग्रॅम. ती सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने सुटते, म्हणजे मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवलेली, कारण तो वेग ओलांडून परत खाली येताना गोळी डळमळते. कागद गाठायला तिला ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती साडेबारा सेंटिमीटर खाली पडते. साइट त्याच हिशेबाने लावलेली असते. आता एखाद्या काडतुसाची गोळी सेकंदाला फक्त १० मीटरने मंद सुटली, तर ती पावणेआठ मिलिमीटर जास्त खाली लागते. श्वास, बोट, नजर सगळं जागेवर असूनही एक गुण गेला. भाचीचा ग्रुप उभा ताणला गेला होता, म्हणून काकांचा संशय थेट नव्या काडतुसांच्या वेगावर गेला. वाऱ्याने चुकला असता तर ग्रुप आडवा पसरला असता.

माझा दुसरा हिशेब ऐकून तर काकाही खुर्चीत पुढे सरकले. .२२ च्या बॅरलमधले पिळाचे आटे साधारण १६ इंचांत एक फेरा पूर्ण करतात. त्यामुळे गोळी सेकंदाला सुमारे ८०० वेळा फिरत बाहेर पडते, मिनिटाला ४८ हजार फेरे. आपल्याकडच्या बऱ्याच सीएनसी मशिनचे स्पिंडल आठ-दहा हजारांवर थांबतात. गोळीचा गुरुत्वमध्य तिच्या अक्षापासून दहा मायक्रॉन जरी सरकलेला असला, तरी बॅरल सोडताच ती त्या बाजूला फेकली जाते आणि ५० मीटरवर साधारण ८ मिलिमीटर बाजूला लागते. पुन्हा एक गुण. दहा मायक्रॉन म्हणजे किती, हे पिंपरी-चाकण पट्ट्यात कुणाला सांगावं लागत नाही.

"मग आपणच दारू मोजून का भरू नये?" भाचीने विचारलं. मोठ्या बोअरच्या काडतुसात मध्यभागी प्रायमर असतो, तो बदलता येतो. म्हणून परदेशातले अनेक नेमबाज रिकामी केस पुन्हा भरून आपल्या बॅरलला जमेल ते काडतूस घडवतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. .२२ मध्ये तर तो मार्गच बंद आहे. पेट घेणारं रसायन केसच्या कडेच्या घडीत भरलेलं असतं. घोड्याच्या टोल्याने ती कडा एकदा चेपली की केसचं काम संपतं. तेव्हा इथे काडतूस घडवायचं नसतं, निवडायचं असतं. बर्मिंगहॅमला एली आणि जर्मनीत शोनेबेकला लापुआ या काडतूस कंपन्यांच्या चाचणी रेंज आहेत. नेमबाज रायफल घेऊन तिथे जातात, रायफल शिकंज्यात बसवतात, एकामागून एक लॉट उडवून पाहतात आणि जो जमला त्याचाच साठा घेतात. एका बॅरलला लाभलेला लॉट दुसऱ्या बॅरलला लाभेलच असं नाही. गोळी सुटताना बॅरल थरथरते. मंद गोळी नेमकी बॅरलचं तोंड किंचित वर असताना बाहेर पडली, तर वेगातली चूक आपोआप भरून निघते. ही थरथर प्रत्येक बॅरलची वेगळी.

एवढी चिकित्सा कशासाठी, हे १ ऑगस्ट २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या ५० मीटर रायफलच्या अंतिम फेरीत दिसलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या, तेव्हा पुण्यात रेल्वेत नोकरी करणाऱ्या स्वप्निल कुसाळेने ४४ गोळ्यांत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक आणलं. गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून झाडलेल्या या गोळ्या केंद्रापासून सरासरी सहा मिलिमीटरच्या आत लागल्या होत्या. अशा खेळात काडतुसाने आठ मिलिमीटर खाल्ले, तर खेळाडूने कुठून भरून काढायचे?

भाचीला त्याच दिवशी सगळंच बदलायचं होतं, बॅरल साफ करायची, स्क्रू आवळायचे, साइट हलवायची. काकांनी अडवलं. "दोन गोष्टी एकदम बदललीस तर दोष जाईल, पण कुठला होता ते कळणार नाही." ते अगदी खरं आहे. साफ केलेल्या बॅरलमधून पहिल्या काही गोळ्या भरकटतात, कारण गोळीवरच्या मेणाचा थर पुन्हा जमायला वेळ लागतो. मग दोष काडतुसाचा की सफाईचा, कसं ओळखणार? पाच गोळ्यांवर निकाल द्यायलाही त्यांनी मनाई केली. रायफल तीच, काडतूस तेच असलं तरी दहा गोळ्यांचा ग्रुप पाच गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरी पाव पटीने मोठा येतो आणि पाचांचे दोन ग्रुप निव्वळ योगायोगानेही खूप वेगळे दिसतात. तीन नग मोजून लॉट पास करणाऱ्याला टूलरूममध्ये कुणी उभं करत नाही.

पुढच्या रविवारी तिने रायफल टेकूवर ठेवली. जुन्या लॉटची वीस काडतुसं शिल्लक होती. दहा जुनी, दहा नवी, पुन्हा दहा जुनी, दहा नवी, अशी ती झाडली. थंडीने वेग घटला असेल असाही संशय होता, पण दोन्ही लॉट एकाच सकाळी, एकाच थंडीत उडाले. जुन्याचे दोन्ही ग्रुप गोल आले, नव्याचे दोन्ही उभे. श्वास निर्दोष सुटला. मग रायफल असोसिएशनकडून आणखी तीन लॉटची एकेक पेटी मिळवून तिने तीच परीक्षा घेतली. तिसरा जमला. वहीत तिने लॉट नंबर लिहिला, खाली काकांनी व्हर्नियरने मोजलेला आकडा लिहिला आणि त्याच नंबरची काडतुसं मोसमभर पुरतील इतकी मागवली.