राइड नवी करा, पण रांगेकडेही बघा

सुट्टीत मुलांना थीम पार्कला नेऊन आणलंत की घरी आल्यावर एकदा हिशोब करून बघा. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात, म्हणजे 8 तास तुम्ही आत होता. त्यातला प्रत्यक्ष राइडवर बसण्याचा वेळ किती? बहुतेक राइड 2 ते 5 मिनिटांत संपतात. गर्दीच्या दिवशी दहा राइड पदरात पडल्या, तरी सगळं मिळून तास भरत नाही. बाकीचा दिवस चालण्यात, खाण्यात आणि मुख्य म्हणजे रांगेत उभं राहण्यात जातो. तिकिटाचे पैसे राइडचे असतात, दिवस मात्र रांगेचा असतो.

जबलपूरसारख्या गावातून जाणाऱ्या कुटुंबांना हे जास्तच जाणवतं. रात्रभर रेल्वेचा प्रवास, सकाळी कल्याणला उतरायचं, तिथून खोपोली गाठायची. सोबत गुडघे दुखणाऱ्या आजी असतात आणि दर अर्ध्या तासाला भूक लागणारा पाच वर्षांचा नातू असतो. वर्षातून एकदा घडणारी ही सहल. ती एका रांगेत बिघडली, तर पुढच्या वर्षी आजी घरीच थांबते.

आपल्याकडची पार्क आता जुनी होऊ लागली आहेत. दिल्लीचं अप्पू घर 1984 मध्ये सुरू झालं आणि 2008 मध्ये बंद झालं. मुंबईजवळ गोराईचं एस्सेलवर्ल्ड 1989 चं. खोपोलीचं इमॅजिका 2013 मध्ये उघडलं. तेव्हा आईचा हात धरून गेलेली मुलं आता कॉलेजात आहेत. राइड जुनी झाली की मालकापुढे प्रश्न येतो : मोडीत काढायची, रंग मारून चालवायची की नव्याने उभी करायची? हा प्रश्न आपलाही आहे, कारण त्या राइडवर आपली मुलं बसणार असतात.

आधी नटबोल्ट, मग रंग

अहमदाबादच्या कांकरिया भागात 14 जुलै 2019 रोजी एक झुलणारी राइड तुटून खाली कोसळली. दोघांचा जीव गेला, पंचवीसहून अधिक लोक जखमी झाले. राजकोटच्या एका गेम झोनमध्ये 25 मे 2024 रोजी आग लागली आणि 25 पेक्षा जास्त माणसं दगावली. त्यात लहान मुलंही होती. तिथे आत लोक असतानाच वेल्डिंगचं काम सुरू होतं.

या दोन घटनांतून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जुनी राइड ‘अपडेट’ करणं म्हणजे नवा रंग आणि नवे दिवे नव्हेत. सांधे, साखळ्या, ब्रेक, सीटवरचा दांडा, विजेच्या तारा या गोष्टी आधी तपासल्या जायला हव्यात, आणि काम चालू असताना तिथे पाहुणे नकोत. पार्कने एखादी राइड देखभालीसाठी बंद ठेवली, तर आपण तिकीट खिडकीवर भांडतो. खरं तर ‘आज बंद’ ही पाटी कधीच न दिसणाऱ्या पार्कची जास्त काळजी वाटायला हवी.

उतार तोच, गोष्ट नवी

अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कमध्ये ‘स्प्लॅश माउंटन’ नावाची बोटीची राइड होती. कॅलिफोर्नियात ती 1989 मध्ये सुरू झाली. शेवटी सुमारे 50 फुटांवरून बोट पाण्यात कोसळायची आणि सगळे भिजायचे. राइड लोकांची लाडकी होती, पण तिची गोष्ट 1946 च्या एका चित्रपटातून घेतलेली होती. त्या चित्रपटातल्या कृष्णवर्णीयांच्या चित्रणावर अनेक वर्षं टीका होत होती. 2020 मध्ये कंपनीने ती गोष्ट काढून टाकण्याचं ठरवलं.

त्यांनी राइड पाडली नाही. पाण्याची वाट तशीच ठेवली, उतारही ठेवला. बदलली ती पात्रं, गाणी, देखावे आणि रांग. 2009 च्या ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ या चित्रपटातली टियाना आता तिथली नायिका आहे. नवी राइड फ्लोरिडात जून 2024 मध्ये आणि कॅलिफोर्नियात त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुरू झाली. रांगेतून पुढे सरकताना टियानाच्या खाद्यपदार्थांच्या उद्योगाची कथा कळत जाते. बोटीत बसेपर्यंत मुलांना माहीत असतं की आपण कोणाकडे आणि कशासाठी निघालो आहोत.

जुनी राइड बंद होताना अनेकांना वाईट वाटलं. शेवटच्या दिवसांत तिच्यापुढे लांबलचक रांगा लागल्या, ती वाचवण्यासाठी लोकांनी सह्यासुद्धा गोळा केल्या. हे आपण समजू शकतो. ज्या राइडवर आपण बाबांच्या कुशीत डोळे मिटून ओरडलो, तिथेच आपल्या मुलाला बसवायचं असतं. म्हणून बदल करणाऱ्याने आधी ओळखावं की लोकांच्या आठवणीत काय आहे. इथे तो कोसळण्याचा क्षण होता आणि तो त्यांनी राखला.

थांबणं जड का होतं?

अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी 1985 मध्ये रांगेत थांबणाऱ्या माणसाच्या मनाबद्दल एक लेख लिहिला. त्यातल्या गोष्टी वाचल्या की वाटतं, हे तर आपल्या घरातलंच आहे. रिकामा बसलेला माणूस जास्त वेळ थांबल्यासारखा वाटून घेतो. किती थांबायचं हे माहीत नसेल, तर वेळ लांबतो. उशीर का होतोय हे कुणी सांगत नसेल, तर राग येतो. मागून आलेला पुढे गेला, तर तो राग दुप्पट होतो. आणि एकट्याने थांबण्यापेक्षा सोबतीने थांबणं सोपं जातं.

म्हणजे घड्याळातला अर्धा तास सगळ्यांना सारखाच असला, तरी मनातला अर्धा तास सारखा नसतो. ‘इथून 40 मिनिटं’ अशी पाटी लावायला फारसा खर्च येत नाही. पंखा, पिण्याचं पाणी, वळणावर एक बाक आणि मुलाला शू लागली तर रांग न गमावता बाहेर जाऊन परत येण्याची सोय, यांनाही करोडो रुपये लागत नाहीत.

डिस्नेच्या फ्लोरिडातल्या पार्कमध्ये 2012 साली ‘डंबो’ या उडत्या हत्तींच्या जुन्या पाळण्यावर एक छान उपाय झाला. एका पाळण्याशेजारी तसाच दुसरा बसवला, म्हणजे एका फेरीत दुप्पट मुलं बसू लागली. रांगेच्या जागी वातानुकूलित तंबूत खेळण्याची जागा केली. त्या वेळी कुटुंबाच्या हातात एक छोटं यंत्र दिलं जायचं. मुलं घसरगुंडीवर खेळायची, आईबाबा बसायचे, यंत्र वाजलं की आपली पाळी. पाळणा पूर्वीसारखाच गोल फिरत होता, फक्त थांबण्याची तऱ्हा बदलली.

आपल्याला रांग शिकवायची गरज नाही

मराठी माणसाला लांब रांग नवी नाही. पंढरपूरची दर्शनबारी आषाढीला कित्येक तासांची होते. तरी त्या बारीत लोक अभंग म्हणतात, शेजारच्याला पाणी देतात, कुठल्या गावचे म्हणून चौकशी करतात. पायावर डोकं ठेवायचं असेल तर मोठी बारी आणि तेवढं उभं राहणं जमत नसेल तर मुखदर्शनाची वेगळी सोय. ज्याच्या अंगात जेवढं बळ, तेवढी त्याची रांग.

शिर्डीत 26 ऑक्टोबर 2023 रोजी नवं दर्शनरांग संकुल सुरू झालं. दहा हजारांहून अधिक भाविकांना बसता येईल अशी वातानुकूलित दालनं, स्वच्छतागृहं, सामान ठेवायची जागा, प्रसादाचे काउंटर, सगळं एका छताखाली. मंदिर तेच, समाधी तीच, फक्त थांबणाऱ्याचा विचार झाला. देवळाला जे जमतं, ते तिकीट लावणाऱ्या पार्कला का जमू नये?

आमच्या जबलपूरजवळ भेडाघाटला संगमरवरी कड्यांमधून जाणारी नाव ही तर जुनी राइडच म्हणा. पावसाळ्यात ती बंद असते, बाकी वर्षभर चालते. कडे फार जुने आणि नावही वल्ह्यांची. तरी ती शिळी होत नाही, कारण नावाडी बोलत असतो. यमकं जुळवत, चिमटे काढत तो प्रत्येक दगडाचं काहीतरी करून दाखवतो. 1960 च्या ‘जिस देश में गंगा बहती है’पासून 2001 च्या ‘अशोका’ आणि 2016 च्या ‘मोहेंजो दारो’पर्यंत इथे झालेल्या चित्रीकरणांचा विषय निघतोच. राइड ताजी ठेवण्याचं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे चांगला बोलणारा माणूस. रांगेतही असा एखादा माणूस उभा केला, तर मोठ्या पडद्याची गरज पडणार नाही.

जास्त पैसे भरून पुढे?

हा मुद्दा घरात वाद लावणारा आहे. डिस्नेने 1999 मध्ये ‘फास्टपास’ आणला तेव्हा तो फुकट होता : वेळ ठरवून घ्या आणि त्या वेळी या. 2021 पासून त्या जागी पैसे मोजायची व्यवस्था आली. आपल्याकडच्या मोठ्या पार्कमध्येही महागड्या तिकिटावर वेगळ्या रांगेची सोय मिळते.

आजी सोबत असेल, एकच दिवस हातात असेल, तर पैसे भरणाऱ्याला दोष देता येत नाही. पण साध्या रांगेतलं मूल विचारतं, ‘‘ते आपल्या नंतर आले, मग आधी कसे गेले?’’ तेव्हा उत्तर सापडत नाही. महागडी रांग ठेवायचीच असेल, तर तिने साधी रांग रखडवू नये आणि ज्येष्ठ, गरोदर व दिव्यांग व्यक्तींची सोय मात्र फुकट असावी. एवढी अपेक्षा आपण ग्राहक म्हणून नक्कीच करू शकतो.

रांगेत सांगण्यासारखी आमची गोष्ट

इमॅजिकात ‘राजासॉरस रिव्हर अॅडव्हेंचर’ नावाची बोटीची राइड आहे. अंधारातून, डायनोसॉरांच्या मधून बोट जाते आणि शेवटी भिजवते. बऱ्याच मुलांना वाटतं की राजासॉरस हे राइडसाठी बनवलेलं नाव आहे. पण तो खराखुरा प्राणी होता. ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हे नाव त्याला 2003 मध्ये मिळालं आणि त्यातली नर्मदा म्हणजे आपलीच. मुख्य अवशेष गुजरातमधल्या रहियोलीला सापडले, जबड्याचा एक भाग मात्र जबलपूरचा आहे.

त्याच्याही आधी, 1828 मध्ये कॅप्टन स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवर मोठाले मणके सापडले. भारतात डायनोसॉरच्या शोधाची सुरुवात तिथून झाली. ‘डायनोसॉर’ हा शब्दसुद्धा तेव्हा तयार व्हायचा होता. पुढे त्या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ नाव मिळालं.

उद्या ही राइड नवी करायची झाली, तर रांगेच्या भिंतीवर एवढी गोष्ट पुरे : टेकडी, मणके, नदी आणि शेवटी राजासॉरस. मूल अर्धा तास शिकत शिकत पुढे सरकेल आणि बोटीत बसल्यावर त्याची भीतीही खरी असेल.

तुम्ही काय कराल?

पार्क बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

* शक्य असेल तर सुट्टीच्या गर्दीऐवजी मधल्या वारी जा. दार उघडताच सगळ्यात मागणीच्या राइडकडे आधी वळा.

* लहान बाळ असेल तर विचारा की आईबाबांनी आळीपाळीने, पुन्हा रांग न लावता बसण्याची सोय आहे का. डिस्नेत ती असते. आपण विचारत राहिलो तर आपल्याकडेही होईल.

* उंचीची अट मोडून मुलाला बसवायचा आग्रह धरू नका. दांडा सैल वाटला तर राइड सुरू होण्यापूर्वीच मोठ्याने सांगा.

* रांगेत सगळ्यांच्या हातात मोबाइल देऊ नका. भेंड्या, कोडी आणि आजीच्या लहानपणीच्या जत्रेतल्या पाळण्याची गोष्ट यातही वेळ छान जातो.

* परत येताना अभिप्राय लिहा. ‘राइड मस्त’ एवढंच नको. पाणी नव्हतं, बसायला जागा नव्हती, किती वेळ लागेल हे कुणी सांगितलं नाही, हेही लिहा. जे चांगलं होतं तेही लिहा.

नवी राइड आणायला पार्कला मोठी गुंतवणूक लागते. रांगेत चार बाक आणि एक पाटी उद्याही लागू शकते. ती लागली, तर पुढच्या सुट्टीत आजी घरी थांबणार नाही.