समुद्राचं मीठ, गाडीचा तळ आणि एक बोट

डिसेंबरची सुट्टी संपली की नाशिकच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये हे दृश्य हमखास दिसतं. दिवेआगर, केळशी, गणपतीपुळ्याहून परतलेल्या गाड्या आणि त्यांच्याभोवती पाइप घेऊन फिरणारे मालक. अशाच एका मालकाला बघायला मला सर्जरीच्या वॉर्डातून बोलावणं आलं. वय चाळिशीच्या आत, डाव्या हाताची तर्जनी सुजून दुप्पट झालेली. मी फिजिशियन, बोटाचं काम सर्जनचं. मला बोलावलं ते रक्तातली साखर तीनशेच्या पुढे निघाली म्हणून. आपल्याला मधुमेह आहे, हे त्यालाही तेव्हाच कळलं.

पठ्ठ्याने गाडी किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूतून चालवली होती. (हे करूच नये. भरतीच्या पाण्यात रुतलेल्या गाडीचा फोटो दर सुट्टीत पेपरात येतोच.) घरी आल्यावर खालचं मीठ धुवायला त्याने शेजाऱ्याचा प्रेशर वॉशर आणला. मडगार्डच्या आतला चिखल एका हाताने उकरत, दुसऱ्या हाताने फवारा मारत असताना धार क्षणभर बोटावर आली. टाचणी टोचल्याएवढं भोक, रक्ताचा एक थेंब. हळद लावून तो पुन्हा कामाला लागला आणि तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आला.

टायरमध्ये हवेचा दाब साधारण ३३ पीएसआय असतो. १०० पीएसआयच्या आसपासची बारीक धार कातडी भेदू शकते आणि घरगुती प्रेशर वॉशरचा दाब दीड हजारांच्या वर असतो. आत शिरलेलं पाणी भोकापाशी थांबत नाही. बोटातल्या स्नायुबंधाच्या नळीतून ते तळहातापर्यंत पोचतं आणि सोबत ग्रीस, माती, जंतू नेतं. आतली जागा अरुंद, त्यामुळे सूज वाढली की रक्तपुरवठाच दाबला जातो. सुरुवातीला फारसं दुखत नाही, हीच फसगत. आमच्या सर्जनांनी दोनदा बोट उघडून साफ केलं. बोट वाचलं; पूर्ण वाकत मात्र नाही.

मीठ धुवायला हवं, हे त्याचं बरोबरच होतं. लोखंड गंजायला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन लागतो. मिठामुळे पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची रासायनिक क्रिया वेग घेते. शिवाय मीठ हवेतली ओल शोषतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की कोरडं मीठ विरघळू लागतं. डिसेंबरात गाडीखाली चिकटलेलं मीठ आपल्या कोरड्या उन्हाळ्यात जवळजवळ गप्प पडून राहतं आणि जूनमध्ये कामाला लागतं. ब्रेकचे पाइप, सायलेन्सर, दारांच्या खालच्या कडा हे त्याचं पहिलं गिऱ्हाईक.

न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाला हा त्रास दर हिवाळ्यात. खारं पाणी शून्य अंशाखालीही पातळ राहतं, म्हणून तिथे बर्फ वितळवायला रस्त्यावरच मीठ टाकतात. तेच मीठ झिरपून काही भागांत विहिरींमध्येही उतरतं आणि रक्तदाबाच्या रुग्णांना पिण्याच्या पाण्यातलं सोडियम बघावं लागतं. तिथल्या वॉशिंग सेंटरमध्ये गाडी नुसती पुढे न्यायची, जमिनीतल्या नळ्या तिला खालून धुतात.

आपल्याकडे ही सोय घरच्या घरी होते. अर्ध्या पेल्याच्या आतबाहेर पाण्यात, म्हणजे १०० मिलीलिटरमध्ये, ३५ ग्रॅम मीठ आरामात विरघळतं. मीठ काढायला जोर लागतच नाही, भरपूर साधं पाणी आणि थोडा वेळ लागतो. बागेतला फवारा, म्हणजे स्प्रिंकलर, गाडीखाली सरकवा आणि थोड्या थोड्या वेळाने त्याची जागा बदला. चिखल आधी भिजू द्या, मग लांब दांड्याच्या ब्रशने काढा. मीठ त्याच्याच आड दडलेलं असतं. दारांच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक छिद्रं असतात, ती मोकळी आहेत ना बघा. नंतर एक चक्कर मारून ब्रेक हळूहळू दाबत सुकवा. सहलीहून आल्यावर दोन-तीन दिवसांत हे झालं तर उत्तम.

जॅकवर गाडी चढवून खाली शिरायचं मात्र अजिबात नाही. गाडीतला जॅक चाक बदलण्यापुरता असतो, ओल्या फरशीवर तो सरकतो. टनभर वजन छातीवर आलं की श्वास आत घेताच येत नाही आणि हातात मोजकी मिनिटंच उरतात. असं कुणी अडकलं तर ओढत बसू नका. माणसं गोळा करून आधी गाडी उचला, एकाला १०८ ला फोन करायला सांगा. तळ नीट बघायचाच असेल तर वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर न्या.

आणि प्रेशरची धार हाताला लागलीच, तर जखम केवढी आहे हे बघू नका. साबण-पाण्याने धुवा, अंगठी काढा, हात उंच धरा आणि त्याच तासात सर्जरीची सोय असलेल्या रुग्णालयात जा. तिथे ‘बोटाला लागलं’ एवढंच सांगितलंत तर ड्रेसिंग आणि धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतील. ‘प्रेशरचं पाणी बोटात शिरलंय’ असं सांगा.