शर्यतीचे मैदान

चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर तालुक्याच्या एका बाजूस ताडोबाचे घनदाट अरण्य आहे आणि दुसऱ्या बाजूस धानाची शेते पसरलेली आहेत. पूर्व विदर्भाच्या या वनप्रदेशास झाडीपट्टी असे म्हणतात. धानाची कापणी व मळणी आटोपली, की येथील शेतकऱ्यास थोडी उसंत मिळते. मग गावोगावी शंकरपट भरू लागतात. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. दिवसा पट पाहावा आणि रात्री झाडीपट्टीच्या रंगभूमीवरील नाटक पाहावे, या हेतूने दूरदूरचे पाहुणे पटाच्या गावी येतात. लेकी माहेरी येतात, खेळण्यांची व मिठाईची दुकाने लागतात आणि एरवी शांत असलेले गाव माणसांनी फुलून जाते.

पटासाठी कापणी झालेल्या शेतातील बांध मोडून, ढेकळे फोडून व खड्डे बुजवून एक लांब आणि सरळ धावपट्टी तयार करतात. जोडीला हलका छकडा जुंपलेला असतो व त्यावर धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, बसलेला असतो. इशारा होताच जोडी धावू लागते आणि काही सेकंदांतच शेवटची रेषा ओलांडते. शर्यत डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच संपते. म्हणूनच ती जवळून पाहावी असे प्रत्येकास वाटते. मागचे लोक पुढच्यांस रेटतात, पुढचे धावपट्टीकडे सरकतात आणि प्रारंभी रुंद असलेली वाट हळूहळू अरुंद होत जाते.

धोक्याचा उगम येथेच आहे. शर्यत कोठे संपते हे धुरकऱ्यास ठाऊक असते, बैलांस नसते. भरधाव आलेली जोडी रेषेवर येऊन थबकत नाही. तिचा वेग ओसरण्यास पुढे बरीच मोकळी जागा लागते. आरोळ्यांनी एखादा बैल बुजला, तर जोडी वाट सोडून आडवी जाते. अशा वेळी कडेला उभ्या असलेल्या माणसास मागे सरकावयास जागाच उरलेली नसते. पुष्कळांना वाटते, की कडेने दोर बांधला म्हणजे झाले. परंतु दोर माणसाला अडवितो. कित्येक क्विंटल वजनाच्या जोडीला तो अडवू शकत नाही.

हा प्रश्न केवळ बैलांच्या शर्यतीपुरता नाही. जेथे जेथे वेग आहे आणि तो पाहणारी गर्दी आहे, तेथे तेथे तो उद्भवतो. फ्रान्समधील ल मां या गावी १९२३ पासून मोटारींची चोवीस तासांची शर्यत भरते. शर्यतीचा मार्ग बराचसा नेहमीच्या रहदारीच्या रस्त्यांवरून जात असे. आरंभीच्या काळात मोटारींचा वेग बेताचा होता. पुढील तीस वर्षांत तो कितीतरी वाढला, परंतु प्रेक्षकांसमोरचा रस्ता मात्र जवळजवळ पूर्वीसारखाच अरुंद राहिला. मोटारींत इंधन भरण्याची ठाणीही त्या रस्त्याला अगदी लागून होती. ११ जून १९५५ रोजी एक मोटार ठाण्याकडे वळण्यासाठी मंदावली. तिला चुकविण्यासाठी मागची मोटार बाजूला झाली आणि त्यामागून भरवेगाने येणारी तिसरी मोटार तिच्यावर आदळून कडेच्या मातीच्या बांधावर उडाली. तिचे जळते भाग गर्दीत घुसले आणि ऐंशीहून अधिक माणसे प्राणास मुकली.

त्या दिवशी चूक कोणत्या चालकाची, यावर पुष्कळ वाद झाला. परंतु विचारी माणसांच्या ध्यानात एक गोष्ट आली. मोटारी नव्या झाल्या होत्या, मैदान मात्र जुनेच राहिले होते. वेगाचा एक नियम असा आहे, की वेग दुप्पट झाला तर तेवढ्याच जोराने ब्रेक लावूनही मोटार थांबण्यास सुमारे चौपट अंतर लागते. तिप्पट वेगास नऊपट अंतर लागते. म्हणजे वेग ज्या प्रमाणात वाढतो, त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात मोकळी जागा वाढवावी लागते. ल मां येथे हा हिशेब चुकला होता.

पुढील वर्षीच्या शर्यतीपूर्वी तेथे मोठे फेरबदल करण्यात आले. रस्ता रुंद करण्यात आला. जुनी ठाणी पाडून नवी उभारली. प्रेक्षकांच्या जागा मागे हटविण्यात आल्या आणि धावमार्ग व प्रेक्षक यांच्यामध्ये खंदक खणण्यात आला. ही युक्ति तशी फार प्राचीन आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोम नगरीतील रथांच्या शर्यतीच्या विशाल मैदानात ज्यूलियस सीझरने प्रेक्षकांच्या रक्षणार्थ दहा फूट रुंदीचा पाण्याचा चर काढविला होता. स्वित्झर्लंडने मात्र दुसरा मार्ग स्वीकारला. त्या देशाने मोटारींच्या अशा शर्यतींवर बंदीच घातली आणि ती कित्येक दशके टिकली.

शंकरपटानेही बंदीचा काळ पाहिला आहे. शर्यतीत बैलांस चाबकाने व पराणीने यातना दिल्या जातात, अशा तक्रारी होत्या. माणसाला आपले दुःख सांगता येते, मुक्या जनावराला ते सांगता येत नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींस मनाई केली. पुढे २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून शर्यतींसाठी नियम केले. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींसह अनुमती दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती दुरुस्ती ग्राह्य ठरविली. या नियमांनुसार शर्यतीपूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते आणि बैलांची पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी लागते. धावपट्टी १००० मीटरांहून लांब असता कामा नये. बैलांस मारणे, टोचणे किंवा विजेचा धक्का देणे हा अपराध आहे.

नियम कागदावर असतात. ते जमिनीवर उतरविण्याचे काम गावकऱ्यांचे असते. पटाचे मैदान आखताना कोणत्या गोष्टी पाहाव्या? जमीन सपाट असावी. ती खडकाळ असल्यास बैलांच्या खुरांस इजा होते आणि ओली असल्यास पाय घसरतात. शेवटच्या रेषेपुढे भरपूर मोकळी जागा सोडावी व तेथे कोणासही उभे राहू देऊ नये. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंस लाकडी बल्ल्यांची भक्कम कठडी घालावी, तिच्यापासून काही अंतरावर दुसरी कठडी घालावी आणि प्रेक्षकांनी दुसरीच्या मागे राहावे. मधला पट्टा रिकामा दिसला, तरी तो वाया गेलेला नसतो. बुजलेल्या जोडीला सावरण्यास आणि माणसाला जीव वाचविण्यास तोच उपयोगी पडतो.

लोक पुढे का सरकतात, याचाही विचार करावयास हवा. त्यांना मागून दिसत नाही, हे त्याचे कारण होय. मागे मातीचा उतरता बांध घातला, तर उंचावर बसलेल्यास पुढच्यांच्या डोक्यावरून सहज दिसते आणि रेटारेटीचे कारणच नाहीसे होते. मुले व वृद्ध यांच्यासाठी सावलीची जागा, पिण्याचे पाणी, आत येण्याच्या व बाहेर जाण्याच्या निरनिराळ्या वाटा आणि रुग्णवाहिकेसाठी सदैव मोकळा ठेवलेला रस्ता, या सोयी खर्चाच्या नसून विचाराच्या आहेत. बैलांसाठीही पाणी व सावली हवी. त्यांची जागा गर्दीपासून दूर व शांत असावी.

पट जिंकलेल्या जोडीचे कौतुक गावोगावी होते. धावपट्टी आखणाऱ्याचे व कठडी रोवणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. त्याचे काम चांगले झाले, तर त्या दिवशी काहीच अघटित घडत नाही. सायंकाळी बैल धडधाकट गोठ्यात परततात, पाहुणे नाटकाला जातात आणि आईचे बोट धरून आलेले मूल तिचे बोट धरूनच घरी जाते.